पायरी खचली तर आधी खालची माती बघा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका काकूंनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या दारातल्या पायऱ्या जोत्यापासून चांगल्या दोन बोटं सुटल्या होत्या. मी फटीत थापीचं टोक घालून बघायला लागलो तर काकू म्हणाल्या, "अहो मिस्त्री, ते नंतर. आधी हे वाचा." जोत्याच्या भिंतीवर, पायरीच्या कडेला, पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख. जून ते जानेवारी. काकू शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला पायरीची कड भिंतीवर जिथं येते तिथं पट्टी धरून रेघ मारायच्या. जून ते सप्टेंबर रेघा वर चढल्या होत्या. ऑक्टोबरनंतर उतरायला लागल्या. आणि जानेवारीची रेघ पहिल्या जूनच्या रेघेच्याही खाली गेली होती.

इतकं स्वच्छ निदान मला कुठल्याही साइटवर आयतं मिळालं नव्हतं. पावसात पायरी वर उचलली जाते म्हणजे खाली काळी माती आहे आणि ती पाणी पिऊन फुगते. पाऊस संपल्यावर ती होती त्याहून खाली जाते म्हणजे भरावही बसतोय. दुखणी दोन, आणि उपाय दोन्हींवर करायचा.

मी सांगली-मिरजेत बत्तीस वर्षं गवंडीकाम करतोय. पायरी, घराभोवतीची पायवाट, पोर्चचा कोबा खचला म्हणून बोलावणं आलं की बहुतेक ठिकाणी आधी कुणीतरी वरून माल टाकून पातळी करून गेलेलं असतं. काकूंकडे छन्नी लावली तर एकावर एक तीन थर निघाले, प्रत्येक पाऊण इंचाचा. दर वेळी पैसे गेले, आणि दर थराचं वजन त्याच सैल मातीवर पडून पायरी आणखी खाली गेली. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. हे काम एकदाच करायचं असतं आणि ते जमतं.

घर खचत नाही आणि पायरीच का खचते, हे आधी समजून घ्या. जोतं बांधताना भिंतीच्या बाहेर हात-दीड हात रुंद चर उकरलेला असतो. पाया वर आला की तो चर उरलेल्या मातीनं, विटांच्या तुकड्यांनी, कधी रिकाम्या गोण्यांनी भरून टाकतात. धुम्मस, म्हणजे माती चोपायचा जड ठोकळा, क्वचितच चालतो. घर बसलेलं असतं खालच्या कठीण थरावर आणि पायऱ्या बसतात त्या सैल भरणीवर. मग चार-पाच पावसाळ्यांत भरणी बसते आणि पायरी तिच्याबरोबर खाली जाते.

पाणी कुठून येतंय ते शोधा

पहार हातात घेण्याआधी एक दिवस फक्त पाणी शोधण्यात घालवा. माझ्या मते या कामातला हा सगळ्यात मोलाचा दिवस.

पहिलं बघायचं ते गच्चीवरून उतरणारा पाइप. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर साधारण २,३५० लिटर पाणी होतं, म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरेल इतकं. ते सगळं पायरीच्या कोपऱ्यात पडत असेल तर खालची माती किती दिवस टिकणार? पाइप वाढवून पाणी निदान पाच-सहा फूट लांब, उताराच्या बाजूला किंवा गटारात सोडा. खर्च थोडा आणि गुण मोठा.

दुसरं म्हणजे नळाची लाइन. पायवाटेखालून जाणारा जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप सांध्यात गळतो आणि वर काही दिसत नाही. रात्री घरातले सगळे नळ बंद करा, टाकीचा बॉलकॉकही बंद ठेवा आणि मीटरचा काटा बघा. सगळं बंद असताना काटा फिरत असेल तर गळती नक्की. सांडपाण्याच्या चेंबरचा संशय असेल तर मोरीत बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओता. खचलेल्या जागेजवळच्या फटीत किंवा उकरलेल्या खड्ड्यात निळसर ओल आली की चोर सापडला.

तिसरं कारण घुशी. सांगलीत हे कारण लोकांना वाटतं त्याहून फार मोठं आहे. सकाळी पायरीच्या बगलेला ताज्या मातीचा ढीग दिसला तर खाली बीळ आहे असं समजा. नुसतं तोंड बुजवलं तर घूस शेजारून उकरते. बीळ जिथवर जातं तिथवर उघडून, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल ठासून भरावा लागतो. आमच्याकडे त्यात फुटक्या काचाही घालतात. ते करत असाल तर हातमोजे घालूनच.

आता हातोडी घ्या, साधी, अर्ध्या किलोची. कोब्यावर दर फुटावर हलकेच ठोका. भरीव जागी टण्ण असा आवाज येतो, पोकळ जागी बद्द. जिथं बद्द आला तिथं खडूनं गोल करा. अर्ध्या तासात पोकळीचा नकाशा तयार होतो. मग लेव्हल पाइपनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, जोत्याच्या एका ठरावीक खुणेपासून प्रत्येक कोपरा किती उतरलाय ते मोजून लिहून ठेवा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळी मापं चुकतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पायरीबरोबर घराच्या भिंतीलाही खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल, दारं चौकटीत अडकायला लागली असतील, तर हे पायरीचं काम राहिलेलं नाही. पाया दाखवायला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, माझ्यासारख्या मिस्त्रीला नको.

कामाचा महिना

आमच्या भागात हे काम कधी करायचं याला फार महत्त्व आहे. काळी माती मे महिन्यात इतकी आकसते की रानातल्या भेगेत काठी उभी जाते. तीच माती ऑगस्टमध्ये फुगून वर येते. मी नवखा होतो तेव्हा कुपवाड रोडला एका घराची पायवाट मे महिन्यात केली, फाटकाला बरोबर टेकवून. जुलैत माती फुगली, कोबा अर्धा इंच वर आला आणि फाटक उघडेना. मालकानं काही न बोलता मला फक्त ते फाटक ओढून दाखवलं. तेव्हापासून माझा नियम ठरला: दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत माती ना चिखल असते ना भेगाळलेली, आणि उन्हाचा तडाखा नसल्यानं काँक्रीटला पाणीही नीट मिळतं.

पुराचं घर असेल तर आणखी थांबा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी चढताना जेवढं नुकसान करतं त्याहून जास्त उतरताना करतं. भरावात मुरलेलं पाणी बाहेर निघताना बारीक माती बरोबर घेऊन जातं आणि कोब्याखाली पोकळी राहते. वरून सगळं ठीक दिसतं. सांगलीच्या गावभागात पूर ओसरल्यावर आठवड्याभरातच लोक पायऱ्या करून द्या म्हणत होते आणि मी हात जोडून दिवाळीपर्यंत थांबायला सांगत होतो. ओल्या मातीवर केलेलं काम ती सुकली की पुन्हा खाली जातं. तोवर खचलेल्या पायरीवर जाड फळी टाकून, बाजूला बांबूचा कठडा बांधून चालवून घ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर कठडा त्याच दिवशी बांधा.

हरिपुरात काम निघालं तर मी आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारतो, "आजोबा, इथं पेव होतं का?" हळद साठवायची जमिनीतली पेवं हे त्या गावाचं वैशिष्ट्य. तोंड अरुंद आणि आत मोठी पोकळी. जुनं पेव बुजवून वर अंगण केलेलं असेल तर खचणं थांबणार नाही. आधी पेव शोधून तळापासून मुरूम ठासून भरावं लागेल.

साताऱ्याकडची गोष्ट वेगळी. तिथं यवतेश्वरच्या बाजूला चढावरच्या घरांना काळ्या मातीचा त्रास कमी, पण उतारावर भराव टाकून केलेली पायवाट दरीच्या बाजूला सरकते. तिथं आधी खालच्या बाजूला दगडी धर, म्हणजे माती अडवणारी भिंत, हवी आणि धरीत पाणी जायला भोकं हवीत. ती नसेल तर बाकीचं काम व्यर्थ.

किती खचलंय त्यावर उपाय

अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक आहे, आवाज भरीव आहे आणि वर्षभरात माप बदललेलं नाही, तर वरून दुरुस्ती चालते. पण पातळ लेप नको. छन्नीनं टोचे मारून पृष्ठभाग खडबडीत करा, कडेला खोल खाच घ्या म्हणजे नवा थर कडेला शून्यावर येणार नाही, धूळ धुऊन टाका. जुनं काँक्रीट ओलं पण वर पाणी नसलेलं हवं. त्यावर सिमेंट आणि एसबीआर लेटेक्सचा (जुन्या-नव्या थराची पकड वाढवणारं दुधाळ रसायन) राप ब्रशनं घासून, तो वाळायच्या आत वरचा माल टाका. जुना कोबा लागेल तेवढा छिलून घ्या, पण नव्या थराची जाडी कुठंही इंचापेक्षा कमी ठेवू नका. पातळ कोबा पापुद्र्यासारखा सुटतो.

कोबा अखंड आहे पण खाली पोकळ वाजतोय, तर ग्राउट भरा. दोन-दोन फुटांवर दीड इंचाची भोकं पाडायची. चाळलेली बारीक वाळू आणि सिमेंट समान घेऊन, ताकापेक्षा जरा दाट असा माल करायचा. सगळ्यात खालच्या भोकात उभा पाइप बसवून, वर नरसाळं लावून तो ओतायचा. पाइप तीन-चार फूट उंच ठेवला की मालाच्या वजनानंच तो आत पसरतो. शेजारच्या भोकातून माल वर आला की तिथं लाकडी खुंटी ठोकायची आणि पुढच्या भोकाला जायचं. यानं खचलेला कोबा वर येत नाही, फक्त त्याला आधार मिळतो. यंत्रानं दाबून उचलणारे लोक मोठ्या शहरांत मिळतात, पण चार पायऱ्यांसाठी ते परवडत नाही.

शहाबादी फरशी किंवा सुट्ट्या काँक्रीट लाद्यांची पायवाट असेल तर काम सगळ्यात सोपं. पहारीनं लादी उचला, खाली पातळी करा, चोपा, एकास सहाचा (एक सिमेंट, सहा वाळू) माल टाकून पुन्हा बसवा.

अखंड ओतलेल्या पायऱ्या जॅकनं उचलायचा मोह होतो. काँक्रीट घनफुटाला सुमारे ६८ किलो भरतं. तीन पायऱ्यांचा ठोकळा आठशे किलोच्या आसपास जातो. गाडीचा जॅक तो उचलेलही, पण जॅकखालची माती दबते, ठोकळा तिरका होतो आणि माणसाचा हात अडकतो. तुम्हाला सवय नसेल तर हे करू नका. दीड इंचापेक्षा जास्त खचलेल्या किंवा तडकलेल्या पायऱ्या मी सरळ फोडून नव्या करतो.

फोडून नवं करताना

काकूंच्या पायऱ्या आम्ही तशाच केल्या. जुनं फोडून काढल्यावर पायऱ्यांच्या आकाराहून सगळीकडे सहा इंच जास्त धरून दीड फूट काळी माती उकरली. खाली घट्ट माती लागेपर्यंत सैल भरणी सगळी बाहेर. विटांचे तुकडे, प्लास्टिक, मुळ्या, काही आत ठेवायचं नाही.

खड्डा वाळूनं भरू नका. वाळूतून पाणी सहज आत जाऊन खड्ड्यात साठतं, ते खालच्या काळ्या मातीला आयतं मिळतं आणि ती आणखी फुगते. भरायचा तो मुरूम. मुरमाचा जाड थर काळ्या मातीवर दाबून बसवला की खालचं फुगणं वर फार कमी पोचतं, हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अभ्यासून मांडलं. एका इंजिनिअर साहेबांनी मला ते समजावून सांगितलं तेव्हा माझे वडील मुरमाला इतकं का जपायचे ते कळलं. कालव्याला तो थर मीटरभर लागतो. घराच्या पायऱ्यांना दीड फूट पुरतो असा माझा अनुभव आहे.

मुरूम एका दमात ओतायचा नाही. सहा इंच टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसनं चोपायचा. ओल बरोबर आहे का ते मुठीनं कळतं. मूठभर मुरूम दाबा. लाडू वळला पाहिजे, बोटांच्या फटीतून पाणी येता कामा नये आणि अंगठ्यानं दाबल्यावर लाडू दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी, चिकटून बसला तर जास्त. आणि चोपताना धुम्मसचा आवाज ऐका. आधी धप्प धप्प येतो, थर बसत गेला की आवाज कोरडा आणि चढा होतो, धुम्मस हाताला उसळी द्यायला लागतो. मग पुढचा थर. काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिसऱ्या थराला त्याच म्हणाल्या, "मिस्त्री, कोपऱ्यात अजून धप्प वाजतंय." खरंच वाजत होतं.

मुरमावर सहा इंच दगडांचं सोलिंग, दगड उभे आणि फटी बारीक खडीनं भरलेल्या. त्यावर चार इंच काँक्रीट.

काँक्रीट टाकण्याआधी जोत्याला अर्ध्या इंचाचा थर्माकोल उभा लावा. बरेच जण जोत्यात सळ्या ठोकून पायरी घराला बांधतात. ते मला पटत नाही. भराव थोडा जरी बसला तरी त्या सळ्यांवर पायरी लोंबकळते आणि जोत्याचा गिलावा ओढून काढते. एकतर इंजिनिअरकडून डिझाइन घेऊन पायऱ्या पूर्ण जोत्याच्या बीमवर तोला, नाहीतर घरापासून पूर्ण वेगळ्या ठेवा. अर्धवट बांधणं सगळ्यात वाईट. काम वाळल्यावर थर्माकोलचा वरचा अर्धा इंच खरवडून फटीत पीयू सिलंट (वाळल्यावर रबरासारखं लवचिक राहणारं) भरा, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

माल एकास दोनास चार: एक सिमेंट, दोन क्रश सँड, चार खडी. पन्नास किलोच्या एका गोणीला ३५ लिटरच्या फर्म्यानं (मापाच्या पेटीनं) दोन फर्मे सँड आणि चार फर्मे खडी. पाणी गोणीला २५ ते ३० लिटर. सँड ओली असेल तर आणखी कमी. चार फूट रुंद तीन पायऱ्या आणि खालचा थर मिळून साधारण १८ घनफूट काँक्रीट होतं, त्याला सव्वातीन गोण्या लागतात. चार आणा. कामगार पाणी वाढवून माल सैल करतील कारण तो पसरायला सोपा जातो. तिथं उभं राहा आणि होऊ देऊ नका.

पायवाट असेल तर चार-चार फुटांवर सांधा द्या, निदान इंचभर खोल. काँक्रीटला तडा जाणारच असेल तर तो तिथं जाईल. उतार घरापासून बाहेर, फुटाला दोन सूत, म्हणजे चार फुटांच्या वाटेला एक इंच.

पायरीची उंची सहा इंच, पाऊल ठेवायची जागा बारा इंच. याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या उंच्या सारख्या हव्यात. पाय पहिल्या दोन पायऱ्यांवर अंदाज बांधतो आणि तिसरी इंचभर वेगळी असली की माणूस पडतं. कधी पायऱ्या जागच्या जागी असतात आणि समोरची वाट दोन इंच खचलेली असते, मग खालची पायरी आठ इंचांची होते. तिथं पायरी फोडू नका, वाट उचला. पायरीच्या वरच्या अंगाला पुढे एक-दोन सूत उतार ठेवा. गुळगुळीत घोटाई नको, चकचकीत ग्रॅनाइट तर अजिबात नको. रंधा मारून झाल्यावर माल ओढून आला की खराट्यानं आडव्या रेघा ओढा. पावसात चप्पल धरते.

दुसऱ्या दिवसापासून पाणी. सपाट भागावर मातीची आळी करून पाणी साठवा, उभ्या बाजूंवर ओलं गोणपाट. आजकाल मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असतं, त्याला निदान दहा दिवस पाणी हवं. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं पुरेसं नाही. मधल्या वेळात गोणपाट वाळलं की काम फुकट जातं. काकूंनी दुपारचाही एक हप्ता लावून घेतला होता, दोन वाजताचा. चालायला तीन दिवसांनी हरकत नाही, पण स्कूटर पंधरा दिवस तरी चढवू नका.

मग पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर या आणि पाणी कुठं जातंय ते बघा. जोत्याकडे वळत असेल, सांध्यात साठत असेल, गच्चीच्या पाइपाचं पाणी उडून पायरीच्या बगलेला येत असेल, तर त्या जागी खडूनं नाही, कोळशानं खूण करा, ओल्यात टिकते. पाऊस उघडल्यावर तेवढीच जागा दुरुस्त करायची. आणि भिंतीवर पायरीच्या कडेला पेन्सिलीची पहिली रेघ त्याच दिवशी मारून ठेवा, पुढे तारीख लिहून.